बोटीवर गेलेला भाऊ

या आठवड्यात एकच पत्र घेतलंय. लांब होतं, ओळख पटेल असं सगळं काढून टाकून थोडक्यात देते.

"मावशी, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून लिहितेय. गाव सांगत नाही, इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. माझा धाकटा भाऊ बावीस वर्षांचा आहे. शिमगा झाल्यावर आठवड्याभरात त्याला दोन मित्रांबरोबर पकडलं, दुकान फोडल्याच्या आरोपावरून. तेव्हापासून तो कोलवाळच्या तुरुंगात आहे. खालच्या कोर्टाने जामीन फेटाळला, वकील म्हणतात आता पर्वरीला हायकोर्टात जाऊया. बाबा म्हणतात, माझ्यापुरता तो मेला. आई काही बोलतच नाही. आजीला सांगितलंय की तो बोटीवर कामाला गेला. मी होंड्याला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. रात्री एक वाजता जाग येते ती पहाटेपर्यंत. तो लादीवर झोपत असेल म्हणून मीही गादी सोडली, चटईवर झोपते. मासे सोडले. कुणाच्या लग्नाला जात नाही. त्याला भेटायला एकदाच गेले, रडून परत आले, पुन्हा धीर झाला नाही. ही शिक्षा किती वर्षं चालणार? त्याला आत मारत असतील का? आणि खरं सांगते, मला त्याचा रागही येतो, मग स्वतःचीच लाज वाटते. चवथ जवळ आली. गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या माटोळीचं सामान दरवर्षी तोच रानातून आणायचा."

बाये, तुझं पत्र वाचून मी आधी चटईपाशी थांबले. कोर्टकचेरीचं नंतर बोलू.

आमच्याही घरात एक चटई होती. माझा चुलतभाऊ नव्वदच्या दशकात आग्वादला होता. त्या वेळी गोव्याचा मध्यवर्ती तुरुंग तिथंच, किल्ल्याच्या पायथ्याशी, समुद्राला लागून. काकीने त्या दिवसापासून खाट सोडली. हाताची उशी, जमिनीवर चटई. जेवण एकवेळ. सोमवार होतेच, त्यात गुरुवार आणि शनिवारही आले. वाड्यावरच्या बायका म्हणायच्या, काय माया आहे बघा. चौदा महिन्यांनी तो सुटून आला तेव्हा काकीची कंबर कायमची धरलेली होती. आणि तो काय म्हणाला ठाऊक आहे? "तू चटईवर निजतेस हे मला आत कोणी सांगितलंच नाही. एकदा भेटायला यायचं होतंस." काकी त्या चौदा महिन्यांत एकदाही गेली नव्हती. "मला ते बघवणार नाही," म्हणायची.

काकीचं दुःख खोटं नव्हतं, तुझंही नाही. पण तिने जे जे केलं त्यातलं काही आग्वादच्या भिंतीपलीकडे गेलं नाही. त्यामुळे तुरुंगातल्या माणसाच्या घरच्यांना मी एकच विचारते: हे आत पोचतं का? तू चटईवर झोपलीस, ते पोचत नाही. बांगड्याचं हुमण सोडलंस, तेही नाही. रात्री एक ते पाच तू त्याला मार खाताना, आजारी पडताना डोळ्यांपुढे आणतेस, त्यातलंही काही नाही. भेट पोचते. पत्र पोचतं. वकिलाने वेळेवर दाखल केलेला अर्ज पोचतो, जामीनदाराचे तयार कागद पोचतात.

म्हणून आधी भेटीचं. पहिल्या खेपेला तू रडलीस, त्यात बिघडलं काही नाही. तो गेट, ती नोंदवही, झडती, मोबाइल बाहेर ठेवणं, मग मिळालेली थोडकी मिनिटं, आणि त्यात दोघांनाही काय बोलायचं ते सुचत नाही. सगळ्यांचं असंच होतं. दुसरी भेट सोपी जाते, तिसरीला तर माणूस घरच्या मांजराबद्दल बोलू लागतो. जाण्याआधी ई-मुलाखतीवर नोंदणी कर, तुरुंगांच्या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या होते. भेटीचे दिवस आणि वेळा तुरुंगात फोन करून विचार, शेजारणीने सांगितलं म्हणून निघू नकोस. आधार कार्डाची मूळ प्रत बरोबर घे. वाळपईहून डिचोली, म्हापसा, मग पेडण्याची बस, असं करत अर्धा दिवस जातो, तेव्हा कारखान्यातल्या पाळीची सुट्टी आधी टाक. नेण्याच्या वस्तूंचंही आधी विचार. घरची भाकरी, आईचं लोणचं बांधून नेणारे गेटवरून पिशवी परत घेऊन येतात आणि मग वाटभर हुंदके देतात. कैद्याच्या नावावर रीतसर पैसे भरता येतात, त्यातून तो आतल्या कँटीनमधून साबण-बिस्किटं घेतो. त्याची एखादी औषधाची गोळी चालू असेल तर गोळ्यांची पाकिटं घेऊन जाऊ नकोस, डॉक्टरच्या चिठ्ठीची प्रत दे आणि तिथल्या डॉक्टरला दाखवायला सांग.

भेटीत काय बोलायचं ते कागदावर लिहून ने. तीन गोष्टी पुरेत. एक त्याला विचारायची, एक घरची सांगायची, एक केसबद्दलची. "का केलंस रे असं?" हे त्या खिडकीशी विचारू नकोस. त्याचं उत्तर द्यायला तिथं जागा नसते, आणि खटला चालू असताना त्याने ते वकिलाशिवाय कुणाला सांगूही नये.

आता तुझा तो रात्रीचा प्रश्न: आत मारत असतील का? मी तुला "काही होत नाही गं" म्हणणार नाही. तुरुंग तो तुरुंगच. पण अंधारात पडून याचं उत्तर कधीच मिळणार नाही, ते फक्त त्याच्याकडे बघून मिळेल. वजन उतरलंय का, हातापायावर वळ आहेत का, डोळ्याला डोळा देतो का, एखाद्या माणसाचं नाव निघालं की गप्प होतो का, हे बघ. काही खटकलं तर त्याच दिवशी वकिलाला सांग. पुढच्या तारखेला कोर्टापुढे उभा केल्यावर, किंवा पडद्यावरून दाखवल्यावर, तो न्यायाधीशांना स्वतः सांगू शकतो. तेवढं धैर्य त्याला तुझ्याकडून मिळेल. अधीक्षकांना लेखी अर्ज दे आणि त्याची पोच घे. आणि तो जगणं नको झाल्याचं काही बोलला, थट्टेतसुद्धा, तर घरी येऊन आईशी कुजबुजत बसू नकोस. गेटवरून हलायच्या आधी तिथल्या अधिकाऱ्याला सांग, लिहून दे, वकिलाला कळव. हे त्याचा विश्वासघात करणं होत नाही.

दुसरं, आत "सोय" करून देतो म्हणणारे भेटतील. गेटबाहेर, कोर्टाच्या आवारात, कधी फोनवर. पाच हजार द्या, बराकी बदलून देतो. दहा हजार द्या, फोन पोचवतो. एक पैसा देऊ नकोस. आतून चोरून आणलेल्या फोनवरून त्याचा फोन आला तरी हरखून जाऊ नकोस. पकडला गेला तर जामीन दूर जातो, वर नवीन गुन्हा. एवढं त्याला सांग आणि बोलणं संपव. याबाबतीत मी कठोर आहे.

तू "शिक्षा" हा शब्द वापरलास. त्याला अजून शिक्षा झालेली नाही, तो कच्चा कैदी आहे. खटला चालायचा आहे, गुन्हा शाबीत व्हायचा आहे. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशभरच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती, त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे दर चारांत तीन तुझ्या भावासारखे. यात दिलासा घ्यायचा की चीड यायला हवी, तुझं तू ठरव. मला तर चीडच येते. पण घरी "शिक्षा भोगतोय" म्हणणं बंद करा, कारण बाबांचं मन त्याच शब्दावर अडून बसलंय.

किती दिवस, ते मी सांगू शकत नाही. कायद्यात काय आहे तेवढं सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४७९ वं कलम आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायला हवं. समज, कमाल शिक्षा सात वर्षं असेल तर दोन वर्षं चार महिने. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा गुन्ह्याला हे लागू नाही, आणि त्याच्यावर आणखी केसेस असतील तरी नाही. ही झाली शेवटची हद्द. तोवर हातावर हात ठेवून बसायचं नसतं. खालच्या कोर्टाने नाकारलेला जामीन हायकोर्टात मिळतो, पुष्कळदा मिळतो.

वकिलाला दोन गोष्टी विचार, लाजू नकोस: आरोपपत्र दाखल झालं का, कोणत्या तारखेला, आणि केसचा सीएनआर नंबर काय. तो सोळा अक्षर-आकड्यांचा असतो. ई-कोर्ट्स ॲपमध्ये घातला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, सगळं दिसतं. तुझ्या रात्रींपैकी निम्म्या तरी "आता पुढे काय" या न कळण्यात गेल्या असतील. एकदा तो नंबर हाती आला की काळजी निदान तारखेवर येऊन टेकते. वकील टाळाटाळ करतोय किंवा त्याची फी झेपत नाही असं वाटलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या बाराव्या कलमाखाली कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे, घरचं उत्पन्न कितीही असो. फोन १५१००. फुकटचा वकील म्हणजे वाईट वकील असं आपल्याकडे डोक्यात बसलंय, ते काढ. फीचे हजारो मोजून एकाही तारखेला हजर न राहिलेला वकील आमच्या काकाने अनुभवला होता.

आणि जामीनदार आताच बघून ठेव. आपले लोक काय करतात? जामीन मंजूर होईपर्यंत नवस बोलतात आणि मंजूर झाल्यावर जामीनदार शोधायला निघतात. मग ऑर्डर हातात असूनही पोरगा आठ-आठ दिवस आत. मामा, सरकारी नोकरीतला आतेभाऊ, कोण उभं राहील ते विचार. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, घरपट्टीची पावती, पगाराचा दाखला, यातलं काय लागेल ते वकिलाकडून लिहून घे आणि एका फायलीत लाव. त्यांना खरं सांग: तो तारखेला हजर राहिला नाही तर पैसे तुमच्या गळ्यात येतील. हे ऐकूनही हो म्हणणारा माणूसच उपयोगाचा. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगून ठेवलंय की जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. हे तुला ठाऊक असू दे, म्हणजे आठव्या दिवशी कुणाला फोन करायचा ते कळेल.

आता त्या रागाचं. तू पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंस, आणि मला वाटतं सगळ्यात खरं तेच आहे. तू पहाटे उठून पाळी करतेस, पगारातून वकिलाला देतेस, तुझं लग्नाचं बोलणं थांबलं (हे तू लिहिलेलं नाहीस, पण मी इतकी वर्षं पत्रं वाचतेय). राग येणार नाही तर काय होईल? ज्याचं दुकान फुटलं त्यालाही येत असेल, आणि तोही कुणाच्या तरी घरचा कर्ता माणूस आहे. भाऊ निर्दोष निघो अथवा न निघो, त्याच्या संगतीने तुमच्या घराला काय दिलं ते तू विसरायची गरज नाही. राग धर आणि भेटायलाही जा. दोन्ही एका बसमधून जातात. मला तर वाटतं तुझी ती चटई बरीचशी या रागाचंच प्रायश्चित्त आहे. रागवल्याबद्दल स्वतःला दंड. तो माफ कर.

गादी घाल. आज रात्रीच. मासेही आण, सोमवार-गुरुवारचं तुझं तू बघ. हे मी लाडाने सांगत नाही. आपल्याच गोव्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी खोल नैराश्यात गेलेल्या माणसांबरोबर काम केलं. सहा ते आठ बैठका. मुख्य भर कशावर, तर माणसाने सोडून दिलेल्या साध्या साध्या गोष्टी पुन्हा सुरू करण्यावर. त्याचा गुण आला, आणि ते २०१७ साली 'लॅन्सेट'सारख्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मन सुधारलं की मग करीन असं म्हणत बसलं तर मन सुधारत नाही. मैत्रिणीचं लग्न असेल तर जा. कोणी विचारलंच तर "केस चालू आहे" म्हण आणि वाढपाच्या रांगेत लाग.

रात्री एकला जाग आली तर पडून राहू नकोस. संध्याकाळी पाळीहून आल्यावर अर्धा तास वही घेऊन बसत जा आणि त्या दिवसाची काळजी तिथं लिही. प्रत्येक ओळीपुढे "पोचतं" किंवा "नाही". पोचणाऱ्यापुढे कधी करणार तो वार. रात्री पुन्हा तेच आलं तर स्वतःला सांगायचं, हे वहीत आहे. पहिले आठ-दहा दिवस हसू येईल. महिनाभर असंच जागरण राहिलं, छातीत धडधड, कामावर चुका, किंवा तुझ्याच मनात नको ते विचार आले, तर १४४१६ वर फोन कर. टेली-मानस, सरकारी आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. नाहीतर बांबोळीला मानसोपचार संस्थेच्या ओपीडीत जा. बांबोळी म्हटलं की आपल्याकडे लोक भुवया उंचावतात. उंचावू देत.

आजीचं. सत्तरीत काय, साऱ्या गोव्यात "बोटीवर गेला" म्हणजे कोण कोण कुठं गेले असतात ते आजीच्या वयाच्या माणसाला ठाऊक असतं. पेपरात नाव आलं, वाड्यावर पोलिसांची जीप आली, पोदेर सकाळी दारात पाव देताना सगळ्या गावाच्या बातम्या देऊन जातो, आणि आजीला काही कळलं नाही असं तुम्हाला वाटतंय? तिला कळलंय. तुम्ही सांगत नाही म्हणून ती विचारत नाही, एवढंच. चवथीला बोटीवरची पोरं घरी येतात तेव्हा काय सांगणार, दुसरी बोट पकडली? आईला घेऊन आजीच्या खाटेवर बस आणि सांग. बहुतेक ती पहिला प्रश्न "जेवण कसं असतं तिथं?" असाच विचारील. मग तुझ्या आईचंही तोंड उघडेल.

बाबांना मात्र आत्ता हलवू नकोस. "माझ्यापुरता मेला" म्हणणारे बाप कोर्टाच्या तारखा चोरून विचारत असतात. भेटीहून आलीस की त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आईला सांग, तो कसा होता, काय बोलला. जेवताना सांग. ते उठून जाणार नाहीत. जामीनदाराच्या फायलीत त्यांचा एक-चौदा लागला तर तो कपाटातून ते स्वतः काढून देतील की मामाला द्यावा लागेल, हे मला इथून दिसत नाही. दोन्हींची तयारी ठेव.

जाता जाता एक. आग्वादचा तो तुरुंग २०१५ ला बंद झाला, कैदी कोलवाळला गेले. आता तिथं संग्रहालय आहे, गोवा मुक्तीसाठी आत गेलेल्यांचं. पर्यटक कोठड्यांपुढे उभे राहून फोटो काढतात. मध्ये नातवाला घेऊन गेले होते. तो म्हणाला, आजी, इथं सगळे हिरो होते का? मी म्हटलं, काही हिरो होते आणि एक तुझा मामाआजोबा होता. तो आता चौसष्टचा आहे, म्हापशाच्या बाजारात नारळ विकतो, आणि चांगला माणूस आहे.

राहिली माटोळी. त्याच्याऐवजी रानात कोण जाणार म्हणून घाबरली आहेस, तर पहिल्या पत्रात त्याला तेच विचार. कवंडळाचा वेल रानात कुठल्या बाजूला आहे, तोरिंजन तो कुणाच्या बागेतून आणायचा, सुपारीचं शिपटं माटोळीच्या कुठल्या कोपऱ्यात बांधतात आणि नारळाची पेंड कोणत्या गाठीने. पत्रं तुरुंगात उघडून वाचतात हे लक्षात ठेव, केसबद्दल एक अक्षर नको. फक्त माटोळी. सोबत कोरा कागद आणि आपला पत्ता लिहिलेला लिफाफा चालतो का ते फोनवर विचारून घे. पाच महिन्यांत त्याला कुणी काही विचारलं नसेल, सगळे त्याला सांगतच आले असतील. चवथीला तीन आठवडे आहेत आणि टपाल तपासून बाहेर यायला वेळ लागतो, तेव्हा हे वाचून झालं की लिहायला बस.

तुझी,
मावशी